कोपरं टेकायची दांडी

येडशीचे कुमार वाघमोडे ट्रायथलॉनच्या शर्यतीत उतरायचे. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. त्यांच्या सायकलीला पुढं कोपरं टेकायची दांडी होती. तीवर ओणवं होऊन ते निघाले की त्यांच्या आई धुरपताबाई शेजारणीला सांगायच्या, "आमचं पन्नाशीचं लेकरू झोपूनच सायकल हाकतंय बघा!"

औंदा खांदा गेला. डॉक्टरांनी पोहणं कायमचं बंद केलं. कुमारनी घरी मात्र एवढंच सांगितलं, की थोडे दिवस आराम करायचाय.

मग जुनी सायकल देऊन एरो रोड बाईक घ्यायला ते लेकीसोबत, सृष्टीसोबत, सोलापूरला गेले. वारा कापणारी ती काळी सायकल त्यांना नीट बसली.

"काका, हिलाबी कोपराची दांडी लावून देऊ? ट्रायथलॉनला चालंल," दुकानदार म्हणाला. "तिचे पैसे नका देऊ."

"घ्या की पप्पा," सृष्टी म्हणाली. "खांदा बरा झाल्यावर लागंलच ना?"

कुमार नव्या हँडलवरून नुसता हात फिरवत राहिले.

"नको," ते म्हणाले.

"अवं, फुकट देतायत ते!"

"व्हय. तरी नको."

सृष्टीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग ती दुकानदाराला म्हणाली, "राहू द्या ती दांडी."