देश अकरा मिनिटं मागे

आमच्या समोरच्या दारातले काका होते म्हणून हिंदुस्थानात वीज होती, असं त्यांचं स्वतःचं ठाम मत होतं, आणि सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत ते खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होऊन पुण्यात आले ते केंद्र डोक्यात घेऊनच. शेगडीसाठी आणलेल्या दगडी कोळशाचा खडा बोटांवर घासून ते काकूंना सांगत, "यात निम्मी राख आहे. बॉयलरला घातला तर बॉयलर राजीनामा देईल." एकदा आम्ही सगळे भाड्याच्या मोटारीतून लोणी काळभोरला मुंजीला निघालो होतो. फाटकाशी कोळशाची मालगाडी आडवी आली. काका खाली उतरले आणि शेवटचा डबा जाईपर्यंत टोपी काढून उभे राहिले. "अहो, मुहूर्त टळेल!" काकू ओरडल्या. "मुहूर्त रोज असतात. कोळसा रोज वेळेवर जातो का?"

पण त्यांचा खरा जीव भिंतीवरच्या विजेच्या घड्याळात. ते विजेच्या स्पंदनांवर चाले. मागणी वाढून केंद्रं पुरी पडेनाशी झाली की स्पंदनं मंदावत आणि घड्याळ मागे पडे. काका सकाळी सातला ते रेडिओशी जुळवत आणि संध्याकाळी सातला किती मागे पडलं ते वहीत लिहीत. लगेच आमची बेल वाजे.

"अहो मास्तर, इस्त्री बंद करा. देश अकरा मिनिटं मागे आहे."

"अकराच?" आमची ही आतून म्हणे. "मला वाटलं जास्त असेल."

एका उन्हाळ्यात मी या बेलला वैतागलो. संध्याकाळी काका-काकू सारसबागेत जात, तेव्हा किल्ली आमच्याकडे असे. ते परत यायच्या जरा आधी मी जाऊन काटा पुढे सरकवू लागलो. पहिल्याच दिवशी काकांनी इमारतभर पेढे वाटले. "मास्तर, देश वेळेवर आला!" मी दोन पेढे खाल्ले.

मग त्यांचा घोळ सुरू झाला. घड्याळ बरोबर, पण दिवे पिवळे, आणि वीज जायची ती जातच होती. "घड्याळ म्हणतं सगळं ठीक आहे, दिवा म्हणतो नाही. यातलं खोटं कोण बोलतंय?" त्यांनी घड्याळ दुरुस्तीला नेलं. दुकानदार म्हणाला, याला काही झालेलं नाही. त्यांनी जुन्या वह्या पुन्हा वाचून काढल्या. शेवटी माझ्याकडे आले. "मास्तर, माझे डोळे दगा देतायत बहुतेक. तुम्ही शिक्षक माणूस. रोज सातला तुम्ही बघून सांगा."

आणि मी बघून सांगितलं, "बरोबर सात, काका." सलग आठ दिवस. तोवर गंमत कधीच संपली होती. मग का सांगत राहिलो, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही.

नवव्या दिवशी त्यांनी बोलावलं नाही. "वही बंद केलीय," काकू म्हणाल्या. "म्हणतात, आपल्याला आता यातलं काही कळत नाही." मी काटा सरकवायचं सोडलं. घड्याळ पुन्हा मागे पडू लागलं, पण काका तिकडे बघेनात. मी मुद्दाम सातला दार सताड उघडं टाकून इस्त्री करायला बसलो. होते तेवढे सगळे शर्ट झाले, मग चादरी केल्या. बेल वाजली नाही.

काका गेल्यावर काकूंनी ते घड्याळ मला दिलं. म्हणाल्या, "तुम्हीच त्यांच्यासाठी रोज बघायचात." तेव्हाही खरं न सांगता मी ते घेऊन घरी आलो. आता सांगायला काकूही नाहीत, म्हणून इथे लिहितो: काकांचे डोळे ठीक होते आणि मी काट्याला हात लावेपर्यंतचा वहीतला शब्द न् शब्द खरा होता. खोटा मी होतो.

ते घड्याळ आता वारज्याला, मुलाच्या घरी माझ्या खोलीत आहे. हल्ली ते फारसं मागे पडत नाही. मुलगा म्हणतो, आता सगळ्या देशाच्या तारा एकमेकींना जोडल्यात, बाबा, म्हणून. असेलही. पण संध्याकाळी काटा नेमका सातवर दिसला की मला वाटतं, मी खोलीत नसताना कुणीतरी येऊन तो सरकवून गेलंय. घड्याळ खरं बोलतंय का ते विचारावं, तर समोरच्या दारात काका नाहीत.