जोगला आलेला निरोप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. अण्णाला नाही, वहिनीला नाही, जिने तो फोटो काढला त्या कमलालाही नाही. आणि आज सांगते आहे ते रडून मन मोकळं करायला नाही – आधीच बजावून ठेवते. ज्या गोष्टीची मला लाज वाटावी असं तुम्हाला वाटेल, तिची मला वाटत नाही. लाज दुसरीच आहे. थांबा, तिथवर येते.

बेंगळूरला गविपुरमच्या आमच्या घरात, हॉलच्या भिंतीवर, माझे तीन फोटो लावलेत. पहिला नंदी बेट्टावरचा, त्या डोंगरावरचा. त्यात इतकं धुकं आहे की मी कुठली आणि झाड कुठलं हे मलाच बोट ठेवून दाखवावं लागतं. दुसरा श्रवणबेळगोळचा, पायऱ्यांच्या तळाशी उभी आहे, वर बघत. त्या रोलात तो एकच फोटो आहे. का? तर त्याच सकाळी आम्ही उतरलो होतो त्या घरी तार आली – अप्पांच्या छातीत दुखतंय, लगेच निघ. मी पायऱ्या न चढताच परतले. घरी पोचले तर अप्पा ओसरीवर बसून कॉफी पीत होते. "आलीस? बरं झालं. वहिनीच्या हातची कॉफी स्वल्प पातळच होते," म्हणाले. म्हैसूरच्या दसऱ्यालाही तसंच. मिरवणूक निघायच्या आदल्या दिवशी परत.

अप्पा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून त्यांना सगळ्याला मी लागायची. कॉफीला मी, औषधाला मी, डोक्यावर ठेवलेला चष्मा शोधायलाही मी. घरात थोरला भाऊ अण्णा होता, वहिनी होती, पण हाक माझ्या नावाची. त्यांचा जीव होता माझ्यावर. मी कुठे नाही म्हणते? शाळेत शिकवायची, पगार घरात द्यायची, आणि हाक आली की उठायची. तिशी उलटली तरी उठतच होते.

तिसरा फोटो जोगचा. मागे धबधब्याच्या चारही धारा कोसळताहेत, माझे केस ओले, पदर उडालेला, आणि मी तोंड उघडून हसते आहे. भाची म्हणते, "आत्या, यात तू किती छान दिसतेस गं!" दिसतेच. खोटं कशाला बोलू? इतकी छान मी पुन्हा कधी दिसले नाही.

त्या सुट्टीत मी आणि कमला – आम्ही दोघी एकाच शाळेत – जोगच्या प्रवासी बंगल्यात उतरलो होतो. तिथला राखणदार तिम्मप्पा. किडकिडीत, सदा लगबगीत. तोच आम्हाला भात आणि सारू, म्हणजे आपलं पातळ सार, करून घालायचा. वयाने माझ्याहून मोठा, पण मला अक्का म्हणायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी कमला कॅमेरा घेऊन पुढे खडकाकडे गेली होती, मी मागून पायवाटेने चालले होते – आणि तिम्मप्पा धावत आला. अनवाणी, दवाने पाय ओले.

"अक्का, बेंगळूरहून फोन होता. तुमचे अण्णा होते. अप्पांना बरं नाही, आत्ताच्या आत्ता निघा म्हणाले. दुपारची गाडी मिळेल. मी सामान बांधायला घेतो."

"आणखी काय म्हणाले?"

तो खाली बघायला लागला. "म्हणाले काही नाही, अक्का. रडत होते."

आता इथे माझ्याकडे एक सबब तयार आहे. चांगली सबब आहे. आधी दोनदा खोट्या हाकेने परतले होते, तिसऱ्यांदाही तसंच वाटलं – असं म्हटलं तर तुम्ही मान डोलवाल. पण तसं वाटलं नव्हतं मला. अण्णा रडत होता. आई गेली तेव्हा जो रडला नव्हता, तो परक्या माणसाशी फोनवर बोलताना रडत होता. मला उभ्या जागी कळलं की या वेळी खरं आहे.

"सरी, ठीक आहे," मी म्हणाले. "सामान राहू द्या. कमलाला काही सांगू नका, मी बघते."

आणि मी बंगल्याकडे वळले नाही. धबधब्याकडे गेले. खडकावर उभी राहिले. तुषारांचा सपकारा तोंडावर आला आणि मला हसू फुटलं – हो, हसू! हाक आली होती आणि मी गेले नव्हते. जन्मात पहिल्यांदा. कमलाने तेवढ्यात बटण दाबलं. तिला वाटलं, मी पाण्याला हसते आहे.

आम्ही निघालो ते दुसऱ्या दिवशी.

घरी पोचले तेव्हा अप्पांची वाचा गेली होती. "काल संध्याकाळपर्यंत बोलत होते," वहिनी म्हणाली. "तुझंच नाव घेत होते." पुढे ते बरीच वर्षं जगले, पण शब्द एकही नाही. त्यांचं सगळं मी केलं. ते प्रायश्चित्त समजू नका, ते मी तसंही केलंच असतं. आणि जोगला राहिले त्याचं दुःख? नाही. आज पुन्हा ती पायवाट समोर आली तरी मी खडकाकडेच जाईन. दगडाच्या काळजाची म्हणायचं असेल तर म्हणा.

पण दारातच अण्णाने विचारलं, "निरोप मिळाला नाही तुला?"

हे बघा. इथे आहे ती लाज.

"नाही," मी म्हणाले. "मला कुणी काही सांगितलंच नाही."

काय झालं असतं खरं सांगितलं असतं तर? अण्णा ओरडला असता. महिनाभर बोलला नसता. वहिनीने शेजारी सांगितलं असतं. बस्स, एवढंच ना? खडकावरची ती शूर बाई घराच्या उंबऱ्यात एवढ्यालाच भ्याली.

अण्णा तक्रार करणार हे मला ठाऊक होतं. बंगला ज्यांच्याकडे होता त्यांच्यात त्याची ओळख होती. एके दिवशी जेवताना म्हणाला, "त्या राखणदाराला काढलं. मुलाबाळांचा आहे म्हणे. पण असा बेपर्वा माणूस ठेवायचा कसा?" वहिनीने मला सारू वाढलं. मी भात कालवला. जेवले. पोटभर जेवले.

इथे संपलं असतं तरी पुरे होतं. संपलं नाही.

अप्पा गेल्यावर काही वर्षांनी शाळेच्या मुलींची सहल घेऊन मी पुन्हा जोगला गेले. धरण झालं होतं, धारा बारीक झाल्या होत्या. परतताना सागर गावाच्या बसस्टँडवर थांबलो. उकडलेल्या शेंगांची टोपली घेऊन एक माणूस बसच्या खिडक्यांखालून फिरत होता.

"अक्का!"

मी त्याला ओळखलं नसतं. त्याने मला ओळखलं. त्याने शिव्या दिल्या तर काय बोलायचं, याची मी कित्येक वर्षं तयारी केली होती. त्याने विचारलं, "अप्पा बरे आहेत?"

"वारले."

त्याने टोपली खाली ठेवली. मग म्हणाला, "अक्का, एक विचारू? मी तुम्हाला निरोप सांगितला होता ना? मला वाटतं, पायवाटेवर सांगितला, तुम्ही सरी म्हणालात. पण साहेब म्हणाले, सांगितला नाहीस. गावात सगळे तेच म्हणतात, बायकोसुद्धा. आता माझं मलाच कळेनासं झालंय. सांगितला होता का मी?"

त्याला नोकरी परत नको होती. माझी माफी नको होती. स्वतःच्या डोक्यावर विश्वास ठेवायला त्याला माझं एक "हो" हवं होतं. ऐकायला अण्णा नव्हता, वहिनी नव्हती. कसली भीती होती मला? सांगा ना, कसली?

"आठवत नाही हो, तिम्मप्पा," मी म्हणाले. "फार वर्षं झाली."

त्याने मान हलवली. "तसंच असेल. मीच विसरलो असेन." आणि टोपली उचलून तो पुढच्या बसकडे गेला.

मला आठवत होतं. तेव्हाही, आत्ताही. तिम्मप्पाने मला निरोप सांगितला होता. धापा टाकत, पण स्पष्ट, पहिल्याच वाक्यात. त्याने सांगितला होता.