ओहोटीपर्यंत थांबलेल्या वसुधाताई

कोलोनहून वसुधाताईंच्या शेजारणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते, आणि खरं सांगते, आधी आला तो रागच. माझ्या या थोरल्या नणंदबाई रविवारी स्वयंपाकघरात कोसळल्या आणि सोमवारी शेजारणीने दार उघडवलं तोवर सगळं संपलं होतं. त्या रविवारी मी उंटरश्लाइसहाइमहून, जर्मनीतल्याच आमच्या गावाहून, त्यांना तीनदा फोन लावला होता. तिन्ही वेळा बंद. बॅटरी वाचावी म्हणून त्या फोन बंदच ठेवायच्या. मी नेहमीसारखी करवादले आणि कामाला लागले... शेजारणीला विचारावं, हे सुचलंच नाही.

गेल्या वर्षी आम्ही दोघी जपानला गेलो होतो. माझ्या नवऱ्याला, निखिलला, ऐन वेळी रजा मिळाली नाही. हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर एक दिवस काढायचा होता. तिथे देवळासमोर समुद्रात एक भलंमोठं शेंदरी दार उभं आहे. ते पाहून रोपवेने डोंगरावर जायचं, असा माझा बेत. पण ताईंनी किनाऱ्यावरच्या कठड्यावर बैठक मारली. ओहोटी लागली की दारापर्यंत चालत जाता येतं, असं त्यांनी वाचलं होतं. त्याला तीन तास आहेत म्हटलं, तिकिटं काढलीत म्हटलं. त्या ढिम्म.

"तू जाऊन ये," त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."

वर नुसतं धुकं. चडफडत खाली आले, तर कठड्यावर ताई नाहीत आणि फोन अर्थातच बंद. तासभर मी देवळात, दुकानांच्या गल्लीत, बोटीच्या धक्क्यावर धावत होते. दुकानदारांना खुणा करून पांढरे केस, जांभळं जाकीट समजावत होते. त्यात एका हरणाने हातातला नकाशा ओढून खाल्ला. निखिलला काय सांगायचं, या विचाराने रडकुंडीला आले. शेवटी ते जाकीट दिसलं... लांब, दाराच्या खांबाशी. पाणी ओसरलं होतं. ताई पँट दुमडून, बूट हातात घेऊन चिखलात उभ्या होत्या आणि खांबावरचे शिंपले न्याहाळत होत्या. मी बुटांसकट चिखलात शिरले आणि माझ्याहून सतरा वर्षांनी मोठ्या बाईवर चारचौघांत ओरडले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. परतीच्या बोटीत हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं एकटी राहते ना, आपल्याला कुणी शोधत असेल हे डोक्यातच येत नाही गं."

मी रागातच होते. खिडकीबाहेर बघत राहिले. तेव्हा एक शब्द बोलायला हवा होता, तो बोलले नाही.

त्या गेल्यावर महिनाभराने त्यांचं घर रिकामं करताना मी फक्त मसाल्याच्या बरण्या आणल्या. सगळ्यांवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातल्या जर्मन चिठ्ठ्या, आणि आत भलतंच काहीतरी. बरणी रिकामी झाली की हाताला लागेल ते त्या तिच्यात भरायच्या, चिठ्ठी मात्र बदलायच्या नाहीत. काल घाईत साखरेच्या बरणीतलं मीठ माझ्या चहात पडलं. वैतागून मी चिठ्ठीला नख लावलं. एक कोपरा सुटलाही... मग तो अंगठ्याने दाबून परत चिकटवला आणि दुसरं आधण ठेवलं.