फ्रीझमधल्या अकरा ओळी

या सदरात येणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी मनातल्या मनात लिहिणाऱ्याची चूक शोधते. दार नीट लावलं नसेल, झोप अपुरी झाली असेल, आठवणीत गडबड असेल... माझं कामच तसं आहे. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचा मी पगार घेते. ज्याचं कारण सापडत नाही ते नीट शोधलेलं नसतं, असं मी ज्युनिअर लोकांना शिकवते. म्हणून हे लिहायला मला दीड वर्ष लागलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमच्या विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट घरोघर नाही तरी गल्लोगल्ली सापडतात. त्यांच्यासाठी आम्ही काही जण मिळून एक मोफत अ‍ॅप चालवतो. ओपन सोर्स आहे - म्हणजे त्याचा कोड कोणीही पाहू शकतो, सुधारणा सुचवू शकतो, आणि पगार कोणालाच नाही. औषधाच्या वेळा, रक्ताचे रिपोर्ट, आणि मुख्य म्हणजे वजनावरून औषधाची मात्रा. आई-बाप मुलाचं वजन टाकतात, अ‍ॅप डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या प्रमाणात मिलीमध्ये आकडा देतं.

नवीन आवृत्ती लोकांच्या फोनवर जायच्या आधी सात दिवस आम्ही फ्रीझ ठेवतो. त्या सात दिवसांत कोडला हात लावायचा नाही, फक्त तपासायचं. अगदीच गंभीर दोष निघाला तर दुरुस्ती घ्यायची, पण तो दोष किमान दोन फोनवर दाखवता आला पाहिजे आणि दोघांची मंजुरी पाहिजे. ते दोघं म्हणजे मी आणि माझ्याबरोबर अ‍ॅप सांभाळणारा इरफान. हा दोन फोनचा नियम माझाच. हे घडलं त्याच्या आधीच्या वर्षी फ्रीझमध्ये शेवटच्या दिवशी एक दुरुस्ती मी आग्रहाखातर घेतली होती आणि एक दिवसभर लोकांच्या नोंदी गायब झाल्या होत्या. त्या दिवशी आलेले फोन मी अजून विसरले नाही.

तो आग्रह धरणारे होते मेश्रामकाका.

काका कन्हानला राहायचे. कोळसा खाणीत इलेक्ट्रिशियन होते, रिटायर झाल्यावर साठाव्या वर्षी पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर प्रोग्रामिंग शिकले. त्यांच्या पुतणीच्या, म्हणजे वैशालीच्या, मुलीला सिकलसेल निघाला तेव्हा ते आमच्यात आले. कोड साधाच लिहायचे. पण तपासायला त्यांच्यासारखा माणूस नव्हता. आम्ही टेबलावर बसून तपासायचो, ते लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्या तडे गेलेल्या फोनवर तपासायचे.

मी सांगते आहे त्या फ्रीझच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, काकांनी एक फोटो पाठवला. तपासायला त्यांनी नवी आवृत्ती टाकलेल्या वैशालीच्या फोनच्या स्क्रीनचा, हललेला. मुलीचं वजन साडेनऊ किलो टाकलं तर अ‍ॅप पंच्याण्णव धरतं आहे. आकडे वाचायचा भाग आम्ही या आवृत्तीत नव्याने लिहिला होता, त्यामुळे अशक्य नव्हतं. मी लगेच माझ्याकडच्या चार फोनवर करून पाहिलं. मराठी आकडे, इंग्रजी आकडे, सगळं केलं. प्रत्येक वेळी साडेनऊच. इरफानकडेही साडेनऊच.

काकांनी संध्याकाळी स्वतः एक दुरुस्ती लिहून पाठवली. मी वाचली. अंदाजाने लिहिलेली होती, आणि ती सगळ्या आकड्यांना हात लावत होती. मी खाली लिहिलं - दोष दुसऱ्या फोनवर दिसत नाही, दुरुस्तीने तो कसा जातो तेही स्पष्ट नाही, पुढच्या आवृत्तीत बघू.

शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. मी धरमपेठेत भाजी घेत होते, पिशवी खांद्यावर तशीच.

"काहून नाही घेतलं वं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"काका, दुसऱ्या फोनवर दिसतच नाही. अन् मागच्या वेळचं आठवते ना तुम्हाला?"

"आठवते. माझ्याचमुळे झालं होतं ते." मग म्हणाले, "माझं घेऊ नको. मलेच खात्री नाही त्याची. पण हे सोडू नको अजून. काहीतरी चुकून राहिलं, मले सापडून नाही राहिलं."

"किती दिवस थांबवू? कारण काय लिहू?"

"लिही का मेश्राम नाही म्हणते."

मी हसले. हसायला नको होतं. मी त्यांना म्हटलं, "असं नाही ना चालत काका. उद्या कोणीही नाही म्हणेल. गुरुवारपर्यंत तुम्ही दुसऱ्या एखाद्या फोनवर दाखवा, मी लगेच थांबवते."

"बरं," ते म्हणाले. "तू पाहजो." आणि फोन ठेवला.

रविवारी सकाळी त्यांना अंघोळीच्या वेळी पक्षाघाताचा झटका आला. नागपूरला आणलं. शुद्धीवर आलेच नाहीत, सोमवारी दुपारी गेले. त्यांच्या मुलाने ग्रुपवर दोन ओळी टाकल्या तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते.

आता कोणी विचारेल, मग रिलीझ काहून नाही थांबवलं? मीही स्वतःला विचारते. इरफानने विचारलं होतं. मी म्हटलं, तारीख जाहीर झाली आहे, यादीत न मिटलेला गंभीर दोष एकही नाही, नियमाप्रमाणे जाऊ. खरं कारण वेगळं होतं. काका गेले म्हणून थांबवणं मला भावनेच्या भरात केल्यासारखं वाटत होतं. आणि भावनेच्या भरात काही न करणं हाच मला माझा गुण वाटायचा.

गुरुवारी मी अर्धी सुट्टी घेतली आणि सकाळी साडेदहाला, घरी, जेवणाच्या टेबलावर बसून रिलीझ केलं. हा भाग नीट सांगते. सोर्स कोडवरून, म्हणजे आम्ही लिहिलेल्या ओळींवरून, फोनवर जाणारं पॅकेज माझ्या लॅपटॉपवर तयार होतं. एक कमांड, सहा-सात मिनिटं. तयार झालं की त्याचा एक लांबलचक आकडा निघतो, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखा. आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. त्याच सोर्सवरून कोणीही, कुठेही बनवलं तर ठसा तोच यायला हवा, तशी आम्ही मुद्दाम व्यवस्था केलेली आहे. मी ठसा जाहीर केला, पॅकेज सोडलं आणि वरणाला फोडणी दिली. विशेष काही घडलं नाही. दिवे लुकलुकले नाहीत की अंगावर काटा आला नाही.

त्यानंतरच्या रविवारी कन्हानला काकांच्या घरी पुण्यानुमोदन, म्हणजे त्यांच्या स्मरणाचा बौद्ध विधी, होता. मी आणि इरफान गेलो. अंगणात मांडव, समोर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोशेजारी काकांचा फोटो, खाणीतला, हेल्मेट घातलेला. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले. जेवणाच्या वेळी एक बारीक अंगाची बाई पाणी वाढत माझ्याजवळ आली.

"तुम्ही नीलिमाताई ना? मी वैशाली. काका लय सांगत तुमचं."

मी हो म्हटलं.

"नवीनवालं आलं ताई फोनवर. काका म्हणत होते यात गडबड आहे म्हणून. पण आता बरोबर येऊन राहिलं."

"काय बरोबर येतं?"

"वजन. तेव्हा पंच्याण्णव दाखवे. आता साडेनऊच दाखवते."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, जरा दाखवता का. तिने कमरेचा फोन काढला, जुना, कोपरा फुटलेला, आणि माझ्यासमोर वजन टाकलं. नऊ, मग स्वल्पविराम, मग पाच.

"टिंब नाही टाकत तुम्ही?"

"टिंब कुठं आहे तेच सापडत नाही मले याच्यावर. मी तर सुरुवातीपासून हेच दाबते."

तेव्हा मला समजलं. आमचा नवा कोड स्वल्पविराम सरळ गाळून टाकत होता. नऊ स्वल्पविराम पाच म्हणजे पंच्याण्णव. काकांनी स्क्रीनचा फोटो काढला होता, तिचं बोट कुठे पडतं ते पाहिलं नव्हतं. त्यांच्या दुरुस्तीत स्वल्पविरामाचं नावही नव्हतं. ते कारण आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, मला त्या मांडवात बसून पहिल्यांदा कळत होतं. आणि स्क्रीनवर मात्र साडेनऊ आलं होतं. खाली औषध - पाच मिली.

मी सहज विचारावं तसं विचारलं, "पन्नास आलं असतं तर?"

"मी थांबली असती," वैशाली म्हणाली. "पण मी तर दिवसा कामठीले दुकानात असते. दुपारचं सासू देते. तिले आकडाच समजते, जे दिसते ते देते ती."

इरफानने लॅपटॉप सोबत आणला होता. घरच्यांची परवानगी घेऊन आम्ही आतल्या खोलीत बसलो. सोर्समध्ये स्वल्पविराम गाळणारी ओळ जशीच्या तशी होती. त्याने त्याच सोर्सवरून पुन्हा पॅकेज बनवलं. ठसा वेगळा आला. मी जाहीर केलेला नव्हे. ते पॅकेज वैशालीच्या फोनवर टाकलं. नऊ स्वल्पविराम पाच... पंच्याण्णव. औषध - पन्नास मिली. मी ते ताबडतोब काढून टाकलं आणि दोनदा तपासलं, खरंच निघालं ना म्हणून.

घरी येऊन माझ्या लॅपटॉपवर बनवलं. इरफानचाच ठसा आला. मग गुरुवारी सोडलेलं पॅकेज उघडून ओळीला ओळ लावली. बाकी सगळं सारखं. एका जागी अकरा ओळी वेगळ्या. स्वल्पविराम आला तर त्याला टिंब समज, आणि आकडा विचित्र वाटला तर पुढे जायच्या आधी माणसाला विचार. नीट, साधं, दोष नसलेलं काम. सोर्समध्ये त्याची नोंद नाही. माझ्या लॅपटॉपवर त्या साडेदहाच्या कमांडची नोंद आहे, आधी-नंतर काही नाही.

"काकांच्या हातचं वाटतं?" इरफानने विचारलं.

अकरा ओळींवरून हात ओळखता येत नाही. काकांच्या मुलाने त्यांचा लॅपटॉप उघडून दिला, त्यात शुक्रवारची फाइल होती, त्यानंतर काही नाही.

माझा नवरा म्हणाला, तूच केलं असशील आणि विसरली असशील, ताण होता. मी त्याला म्हटलं, ज्या दोषाचं कारण मला रविवारी कळलं तो मी गुरुवारी दुरुस्त कसा करेन? तरी कित्येक दिवस मी स्वतःच्या हातांकडे संशयाने पाहायचे. ऑफिसात एखादी ओळ लिहिली की परत वाचायचे, ही मीच लिहिली ना.

इरफानची भीती दुसरीच होती आणि ती रास्त होती. "कोणी तुझ्या लॅपटॉपमध्ये शिरलं असेल तर? आज चांगलं टाकलं, उद्या वाईट टाकेल." ओळखीच्या एका जाणकाराकडून आम्ही लॅपटॉप तपासून घेतला, सगळे पासवर्ड आणि डिजिटल किल्ल्या बदलल्या. कोणी शिरल्याची खूण सापडली नाही.

आणि खरा पेच तर वेगळाच होता. आम्ही न टाकलेल्या ओळी ज्यात आहेत असं पॅकेज लोकांच्या फोनवर ठेवणं चूक. ते मागे घेऊन सोर्सप्रमाणे सोडणं म्हणजे पन्नास मिली. शेवटी पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, आम्ही दोघांनी स्वल्पविरामाची दुरुस्ती रीतसर लिहिली, दोघांनी मंजूर केली, सहा फोनवर तपासली आणि नवीन आवृत्ती सोडली. सोबत जाहीर लिहिलं की आधीचं पॅकेज सोर्सशी जुळत नव्हतं, कारण सापडलेलं नाही. त्यावरून बाहेरच्या लोकांनी आम्हाला बरंच सुनावलं. दोघांनी प्रकल्पच सोडला. मी त्यांना दोष देत नाही.

नियमही बदलला. आता फ्रीझमध्ये तपासणाऱ्या एकानेही थांबा म्हटलं, तर कारण न देता तीन दिवस थांबतो.

मग एका दुपारी मी एकटीच कन्हानला गेले. वैशालीला सगळं सांगितलं. अकरा ओळींचं सांगितलं, शनिवारच्या फोनचंही. मला वाटलं होतं ती ओळींबद्दल विचारेल, हात जोडेल, काकांनीच केलं म्हणून रडेल. ती मुलीचे केस विंचरत होती. विंचरायची थांबली.

"म्हणजे काका नाही म्हणत होते, तरी तुम्ही सोडलं?"

"हो."

"मंग आयकाचं होतं ना ताई," ती म्हणाली. रागाने नाही. आणि पुन्हा वेणी घालायला लागली.

त्या पॅकेजचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. कोणाला सुचलं तर जरूर कळवा, मी खरंच तपासून पाहीन. पण वैशालीला द्यायला जे उत्तर हवं होतं, ते मात्र कोणी मला सुचवू शकेल असं वाटत नाही.