मामांचं काळं निशाण

आमच्या थोरल्या मामांइतका निष्ठावान विरोधक साऱ्या नगर जिल्ह्यात झाला नसेल. दिल्लीच्या ज्या पुढाऱ्यापुढे निम्मा देश हात जोडायचा आणि निम्मा देश ज्याच्या नावानं बोटं मोडायचा, त्याच्यावर मामांचा राग. पाऊस लांबला, बैल लंगडला, मामींची भाकरी करपली, तरी दोष दिल्लीचा. राजूरच्या हॉटेलात त्या पुढाऱ्याचं कॅलेंडर होतं. मामा आधी ते उलटं करून भिंतीकडे त्याचं तोंड फिरवत आणि मगच चहा मागवत. या साऱ्या रागाचा कळस म्हणजे वीस वर्षांपूर्वीची नगरची सभा. "भर सभेत काळं निशान दावलं म्या! फिका पडला गडी!" हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते निशाण मीच शिवून दिलंय असं वाटे.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी सरकारी प्रचाराची गाडी त्याच पुढाऱ्यावरचा माहितीपट घेऊन फिरत होती. मी राजूरच्या शाळेत मास्तर, मीच ती बोलावली. बाजाराच्या दिवशी भरदुपारी वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही अंधार केला. मामा पहिल्या रांगेत बसले, अर्थात निषेध म्हणून.

आणि पडद्यावर नगरची ती सभा आली. गर्दीत अगदी पुढे, पटका बांधलेले तरणेताठे मामा! निशाण कुठेच नाही. दोन्ही हातांनी टाळ्या चालल्या होत्या.

वर्गात हशा पिकला. मामा ताडकन उठले. "टाळ्या न्हाईत त्या! तंबाखू थापटत हुतो!"

झालं, तिथेच पंचायत बसली. गाडीवाल्याला रीळ मागे घ्यायला लावलं, एकदा, मग परत एकदा. काही जण टाळ्यांच्या बाजूचे, काही तंबाखूच्या. शेवटी मामांची शेजारीण म्हणाली, "काय वं दादा, तंबाखू कुनी डोईच्या वर हात करून थापटतं व्हय?"

मामा मटकन खाली बसले. इतक्या वर्षांची अब्रू गेली, आणि ती घालवली सख्ख्या भाच्यानं. मला फार वाईट वाटलं. वर्ग रिकामा झाला तरी ते कोऱ्या पडद्याकडे बघत होते.

"चला मामा," मी म्हणालो. "इतक्या लांबून काय कळतंय? तंबाखूच असेल."

"न्हाई रं. टाळ्याच हुत्या. त्यो बोलत हुता, आन् मला वाटलं, आता समद्यांचं चांगलं हुनार. हात लाल हुईस्तोवर वाजवल्या."

मी घोंगडी काढायला हात घातला, तसे ते हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे जरा. आनखी एकदा दावतो का, इचार गाडीवाल्याला."