आईच्या नावापुढची व्हीलचेअर

तुमची आई रोज सकाळी तीन किलोमीटर चालते, दोन जिने चढते, भाजीची जड पिशवी स्वतः उचलते. मग ती परदेशी यायला निघाली की तिच्या तिकिटावर व्हीलचेअर कोण लिहितं? मी सांगते. तुम्ही लिहिता. मीही लिहिली होती.

जर्मनीतल्या आम्हा मराठी मंडळींत ही आता रीतच पडली आहे. आई-बाबा यायचे म्हणजे व्हिसा, विमा आणि व्हीलचेअर. गुडघे दुखतात म्हणून नव्हे. इंग्रजी येत नाही, विमान बदलताना चुकतील, म्हणून. ग्रुपवर कुणी विचारलं की दहा जण सांगतात, "अहो, व्हीलचेअर टाका, एकदम सेफ. कुरिअरसारखे थेट दारात पोचतात." हे मी वाचलं, त्याखाली अंगठा टाकला आणि पुढे गेले.

आणि मी वाढले कशावर? आई-बाबा दोघंही एसटीत, दोघंही संघटनेत. माझी अक्षरओळखच पत्रकांवर झाली. सांगलीच्या आमच्या स्वयंपाकघरात गठ्ठे यायचे आणि मी फरशीवर बसून घड्या घालायचे, बोटं शाईने काळी. 'आमच्याबद्दलचे निर्णय आम्हाला विचारून घ्या' ही मागणी मला पाढ्यांच्या आधी पाठ होती. तीच मी, म्युनिकजवळच्या उंटरश्लाइसहाइमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, आईला एका शब्दाने न विचारता वेबसाइटवरच्या चौकोनात खूण करून मोकळी झाले. दोनदा. एकदा ती मुंबईहून म्युनिकला येणार होती तेव्हा, आणि एकदा आम्हा दोघींची बार्बाडोसची तिकिटं काढताना, तिच्या नावापुढे.

बार्बाडोस आईनेच निवडलं. बाबांना विमान नको होतं, ते घरीच राहिले. मी तिला पॅरिस, स्वित्झर्लंड, काय हवं ते दाखवायला तयार होते. ती म्हणाली, "वेस्ट इंडीज दाखव." बावीस वर्षं ती कंडक्टर होती. मुक्कामाच्या गाडीवर असली की ड्रायव्हरच्या रेडिओवर कॉमेंट्री लागायची. बार्बाडोसमधलं ब्रिजटाऊन हे नाव तिने तिथे ऐकलेलं. "प्रेक्षक ढोल वाजवतात तिथं. मैदान बाहेरून बघितलं तरी चालेल मला."

निघालो त्या सकाळी पहिली चूक मीच केली. आमच्याकडून विमानतळाला जाणारी एस-बान, म्हणजे इथली लोकल, नॉइफार्न स्टेशनात दुभंगते. मागचे डबे विमानतळाला जातात, पुढचे दुसऱ्याच गावाला. पाच वर्षं इथे राहणारी मी मोबाइलवर बोर्डिंग पास उघडत पुढच्या डब्यात चढले. आईने समोरच्या माणसाला नुसतं विचारलं, "एअरपोर्ट?" त्याने मान हलवली आणि बोट मागे केलं, "हिंटन, हिंटन." नॉइफार्नला बॅगा ओढत आम्ही फलाटावरून मागे पळालो. दार बंद होता होता आत शिरलो.

"पाच वर्षं झाली ना गं तुला इथं?" आई धापा टाकत म्हणाली. "बोर्ड लाख लावू देत. चढताना माणसाला विचारायचं."

म्युनिकच्या काउंटरवर खुर्ची तयार होती. आई तिच्याकडे बघत राहिली.

"पुन्हा?"

"अगं, सोपं जातं. रांगेत उभं राहायला नको."

ती बसली. वाद घातला नाही. ते मला सोयीचं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. दोघींचे पासपोर्ट माझ्या गळ्यातल्या पाऊचमध्ये होते, तिची पर्स माझ्या खांद्यावर. तिच्याकडे काहीच नव्हतं. हात मांडीवर ठेवून ती ढकलली जात होती.

तासाभराच्या उड्डाणानंतर, जर्मनीतल्याच दुसऱ्या विमानतळावर आम्हाला विमान बदलायचं होतं. ते चुकलं तर बार्बाडोसचं पुढचं विमान थेट चार दिवसांनी. हातात पाऊण तास. उतरल्यावर आईला एका कोपऱ्यात नेऊन बसवलं. तिथे आणखी तिघी-चौघी बसल्या होत्या, साड्या आणि पायात नवे स्पोर्ट्स शूज, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. एक जर्मन आजोबाही होते. कंबरेचं ऑपरेशन झालेलं, काठीवर दोन्ही हात. तेही आमच्याच विमानाचे.

दहा मिनिटांनी एक कर्मचारी एकच खुर्ची घेऊन आला. यादी बघितली, आईकडे बघितलं आणि मला जर्मनमध्ये विचारलं, "ही पायऱ्या चढू शकते?"

"हो."

"चालू शकते?"

"हो."

"आल्झो..." तो थांबला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा. "मग खुर्ची कशाला?"

मी खांद्यावरची तिची पर्स सावरली.

"काय म्हणतोय?" आईने विचारलं.

"तू चालू शकतेस का, विचारतोय."

"मग मला विचार म्हणावं!"

आणि ती उठली. साडी झटकली, त्या आजोबांकडे हात केला, "त्यांना घेऊन जा," अगदी मराठीत, आणि तो माणूस ते समजला. "गेनाऊ," बरोबर, म्हणाला आणि खुर्ची आजोबांकडे वळवली.

"आई, चुकलो तर विमान जाईल."

"जाऊ दे. पण मी त्यात बसणार नाही. मुंबईहून येताना काय झालं माहितीय तुला?"

मला माहीत नव्हतं. चालता चालता तिने सांगितलं. मधल्या विमानतळावर तिला एका खांबाशी लावून ठेवलं होतं. बसा, उठू नका, असं हाताने खुणावून माणूस गेला तो अडीच तासांनी आला. समोर, वीस पावलांवर, बायकांचं स्वच्छतागृह. ती उठली नाही. कागद त्या माणसाकडे होते. आपण उठलो आणि तो येऊन गेला तर? तिने पाणी पिणं बंद केलं. विमानात चढल्यावर मग गेली.

"फोनवर का नाही बोललीस?"

"तू एवढ्या हौसेनं केलेलंस. आणि मला वाटलं, आपल्या वयाच्यांना ते सक्तीचंच असतं."

सक्तीचं! बावीस वर्षं साठ माणसांच्या गाडीत उभ्याने प्रवास केलेली बाई. घाटात डुलत्या गाडीत दारुड्याला कॉलर धरून खाली उतरवणारी. तिला मी वीस पावलं चालायची बंदी केली होती आणि त्याला काळजी असं नाव दिलं होतं.

पासपोर्टच्या तपासणीला मी सवयीने तिच्यासोबत काचेपाशी गेले. अधिकाऱ्याने मला रेषेमागे पाठवलं. एकेक जण. आईने मागे वळून हात पुढे केला. "माझा पासपोर्ट दे. बोर्डिंग पासही." मी दिले. रेषेमागून मला तिचे शब्द ऐकू येत होते. "बार्बाडोस. टेन डेज. रिटर्न टिकीट. डॉटर, देअर." अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. "क्रिकेट," आई म्हणाली. शिक्का पडला. माझ्यापेक्षा कमी वेळ लागला तिला. माझा रहिवासी परवाना तो उलटापालटा करून बघत राहिला.

पुढे लांबच लांब बोगदा. मी पासवरच्या गेटकडे सुसाट निघाले. आईने गणवेशातल्या एका बाईला गाठलं. "बार्बाडोस?" बाईने पडद्यावर बघितलं आणि उलट दिशेला बोट केलं. गेट बदललं होतं. मी पडदा बघितलाच नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या रांगेत पंधरा-वीस माणसं उरली होती. आई घामाने भिजली होती, तिचा अंबाडा सुटला होता. पिना तोंडात धरून ती तो पुन्हा बांधायला लागली आणि पिनांमधूनच म्हणाली, "पाणी आण. भरपूर आण. आता मी पिणार."

मैदान तिने बघितलं. आतूनही. पण ते पुन्हा कधीतरी.

परत आल्यावर मी विमान कंपनीला फोन लावला. पहिल्या वेळी केलेली खूण आईच्या मुंबईला परतायच्या तिकिटावरही होती. फोनवरची मुलगी म्हणाली, प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी राहू द्या ना, फुकटच आहे. मी फोन आईच्या हातात दिला. "नो व्हीलचेअर," आई म्हणाली. "आय वॉक." पलीकडून काहीतरी समजावणं चाललं होतं. आईने ते पूर्ण ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने.

ज्यांना खुर्ची लागते त्यांनी ती हक्काने घ्यावी, मान ताठ ठेवून घ्यावी. त्यांच्याविषयी मी बोलत नाही. मी बोलते आहे तुमच्या-माझ्याविषयी, आईचं न येणारं इंग्रजी तिच्या पायांवर ढकलणाऱ्यांविषयी.

परवा ती एकटी निघते आहे. मध्ये एकदा विमान बदलायचं आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? काल दोनदा मी तो चौकोन उघडून बघितला. पण ही भीती माझी आहे. ती मी तिच्या नावापुढे लिहिणार नाही.

तुमच्या आईचं तिकीट काढलं असेल तर आज तिला फोन करा. बातमी द्यायला नको, विचारायला करा: तुला खुर्ची हवी आहे का? आणि ती नको म्हणाली तर तिथल्या तिथे, तिला फोनवर ठेवूनच, ती खूण काढून टाका.