भरल्या गाडीचा ब्रेक

आर्वी-आष्टीकडे कुणी पिकअप घेतली की आधी नारळ फोडतो आणि मग मागच्या चाकांवरच्या कमानीला, म्हणजे स्प्रिंगला, जास्तीचे पट्टे टाकायला कवडूच्या गॅरेजात येतो. कंपनीने दिलेल्या कमानीवर इकडे कुणाचा विश्वास नाही. संत्र्याचे क्रेट टपापर्यंत रचले तरी गाडी मागून बसता कामा नये, एवढीच सगळ्यांची मागणी. कवडूने पट्टे टाकले की गाडी बसत नाही, असं त्याचं नाव होतं, आणि ते नाव तो मिशीसारखं जपायचा.

नंदिनीची जुनी पिकअपही त्यानेच पट्टे टाकून मागून उचलून दिली होती. गाडी मुळात तिच्या नवऱ्याची, अश्वजितची. त्याला नागपूरकडे कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्याने चावी बायकोच्या हातात दिली, आणि गावच्या बायांची संत्री-भाजी बाजाराला न्यायचं काम नंदिनी करू लागली. हात सफाईदार होता तिचा. पण एक दिवस ती कवडूसमोर येऊन उभी राहिली.

"काका, ब्रेकचा भरवसा नाई राह्यला. कधी लागते, कधी गाडी पुढंच जाऊन राह्यली."

कवडूने चाकं खोलली, लायनर पाहिले, ऑइल पाहिलं, नळ्यांतली हवा काढली. मग गॅरेजपुढच्या रस्त्यावर गाडी पळवून कच्चकन थांबवून दाखवली. "लागला का नाई?"

"रिकामी असली की लागते. माल भरला की नाई लागत."

"माल भरला की कोनतीबी गाडी लांबच थांबते, बाई."

ती पुन्हा आली, पुन्हा तेच झालं. त्यानंतर आली तेव्हा बाजूच्या टपरीवर ड्रायव्हर मंडळी चहा पीत बसली होती, त्यांत तिच्याच गावचा पिकअपवाला प्रफुलही होता, आणि कवडूची जीभ सुटली. "गाडीत काई खराबी नाई. तुह्या पायातच जोर नाई. प्रफुलले चालवू दे." टपरी खो खो हसली. नंदिनीने चावी उचलली आणि निघून गेली.

हसणारे हसून मोकळे झाले. पण मेकॅनिकचं बोलणं म्हणजे दाखलाच. गावात पोचेपर्यंत त्याला "कवडूभाऊच म्हणते" असं वजन आलं आणि बाया आपला माल प्रफुलच्या गाडीत टाकू लागल्या. एकटी म्हातारी मनकर्णाबाई तेवढी नंदिनीकडे राहिली.

आणि नेमकी तिचीच संत्री नेताना गाडी उतारावर थांबली नाही. नंदिनीने ती कडेच्या मातीच्या ढिगात घातली म्हणून निभावलं. गाडीत बसलेल्या मनकर्णाबाईचा गुडघा सोलून निघाला. कवडूला बोलावणं गेलं. 'मी म्हटलंच होतं' अशा तोऱ्यात तो आला, नंदिनीला शेजारी बसवलं आणि भरली गाडी स्वतः हाकत निघाला.

पुढच्या उतारावर बैलगाडी आडवी आली. कवडूने ब्रेक दाबला. पेडल चांगलं घट्ट लागलं, गाडीचं नाक खाली गेलं, पण मागचा सगळा भार पुढे रेटतच राहिला. त्याने सीटवरून अर्धं उठून अंगाचं वजन पेडलवर टाकलं. बैलगाडीला टेकता टेकता पिकअप थांबली. नंदिनीने त्याच्या पायाकडे पाहिलं.

गॅरेजात पोचल्यावर माल न उतरवताच तो गाडीखाली शिरला, आणि मग त्याला दिसलं. मागच्या एक्सलजवळ एक बारकी दांडी असते. मालाने गाडी बसली की ती दांडी वर उचलली जाते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जोर वाढवून मिळतो. गाडी बसलीच नाही, तर दांडीच्या लेखी ती रिकामीच. आणि ही गाडी बसू नये याची सोय कवडूने स्वतःच्या हाताने केली होती. पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, भरली की लागत नाही. त्याने मात्र एकदाही भरली गाडी चालवून पाहिली नव्हती. कवडूला इतकी लाज वाटली की गाडीखालून बाहेर येववेना. नंदिनी बाहेर उभी होती. तिच्या चपला त्याला दिसत होत्या.

शेवटी त्याने तिथूनच सांगितलं. "पोरी, चूक माह्यी हाय. पट्ट्यानं झालं हे."

"मले काऊन सांगता, काका? माह्या पायाले काई झालं नाई, हे मले माहीतच होतं. गावातल्या बायायले सांगा."

पट्टे काढले, दांडी नीट बसवली, भरली गाडी दोघांनी चालवून पाहिली. बाजाराच्या दिवशी कवडू तिच्यासोबत गावात गेला. बाया क्रेट घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या, प्रफुलची गाडी उभी होती. कवडूने सगळं सांगितलं, काही झाकलं नाही.

मनकर्णाबाई गुडघ्यावरची पट्टी सावरत उठली. "कवडूभाऊ, लय मोठ्या मनाचे हा तुमी. पोरीची लाज राखाले चूक आपल्या अंगावर घेता."

"अवो, खरंच माह्यी चूक हाय! प्रफुल, तुह्याबी गाडीचे पट्टे काढा लागते."

"माहे राहू द्या, काका," प्रफुल हसला. "तिच्यासाठी एवढं केलं, लय झालं."

कवडूने आईची शपथ घेतली. तशा बाया आणखीच गहिवरल्या. आजकाल दुसऱ्याच्या लेकीसाठी कोण एवढं करतं, असं आपसात बोलत त्यांनी क्रेट उचलले आणि प्रफुलच्या गाडीत चढवले. मनकर्णाबाईनेही आपले तिथेच दिले.

नंदिनीने माल बांधायला आणलेला दोर गुंडाळून सीटखाली टाकला. "चला काका, घरी सोडते तुम्हाले."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर कवडूने त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. तो मान खाली घालून रिकाम्या गाडीत तिच्या शेजारी बसला. गाडी निघाली तशी मनकर्णाबाईने मागून त्याला हात जोडले, आणि नंदिनीने ते आरशात पाहिलं.